टॉर्शननंतर बक्स पॉइंट: सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. टॉर्शन लेस, म्हणजे उशीवर टाचण्या लावून दोरा गुंडाळलेल्या काड्यांनी (बॉबिन्सनी) विणायच्या लेसची सोपी शैली, आता व्यवस्थित जमते, कोपरे वळवता येतात, पंखे आणि कोळी हे तिचे आकार हात न अडखळता होतात. पुढची पायरी म्हणून बक्स पॉइंट, म्हणजे इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर भागातली बारीक जाळीची बॉबिन लेस, शिकायची इच्छा आहे. त्यासाठी नवीन बॉबिन्स घ्याव्या लागतील का? दोरा किती बारीक हवा? पहिला नमुना कोणता? आणि टॉर्शनला हात बसलेला असूनही पहिल्याच प्रयत्नात जाळी वेडीवाकडी का आली?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

बॉबिन लेसमध्ये हाताच्या हालचाली दोनच आहेत. क्रॉसमध्ये दोन जोड्यांच्या चार दोऱ्यांपैकी मधल्या दोघांतला डावा उजव्यावरून जातो. ट्विस्टमध्ये प्रत्येक जोडीतला उजवा दोरा डाव्यावरून जातो. टॉर्शन घ्या, फ्लँडर्स घ्या, हॉनिटन घ्या, तिसरी हालचाल कुठेच नाही. त्यामुळे टॉर्शन येणाऱ्याला वाटतं की नवी शैली म्हणजे चार-दोन नवे टाके शिकले की झालं. तसं नसतं. शैली बदलते तेव्हा टाचणी आणि दोरा यांचं नातं बदलतं: टाचणी कुठे लागते, ती लावल्यानंतर टाका होतो की नाही, आणि छिद्राचा आकार कोण धरून ठेवतं. तुमची जाळी बिघडली ती टाका येत नाही म्हणून नव्हे. हात अजून टॉर्शनच्या हिशेबाने चालताहेत, एवढंच.

टॉर्शनची नेहमीची जाळी आठवा. क्रॉस, ट्विस्ट, टाचणी, पुन्हा क्रॉस, ट्विस्ट. टाचणी दोन टाक्यांच्या मधे कोंडली जाते. तो दुसरा अर्धा टाका पडला की तिथलं काम पक्कं होतं, मग तुम्ही दोन्ही जोड्या खेचून घट्ट करता आणि पुढे जाता. आता बक्सची जाळी, म्हणजे पॉइंट ग्राउंड. क्रॉस, दोन्ही जोड्यांना तीन-तीन ट्विस्ट, मधे टाचणी. संपलं. टाचणीनंतर काहीही नाही. दोन्ही जोड्या तशाच आपापल्या वाटेने पुढच्या टाक्याकडे जातात. छिद्राचा षटकोन उभा राहतो तो त्या तीन पिळांच्या जोरावर, टाचणी फक्त जागा दाखवते.

इथे टॉर्शनच्या हाताच्या दोन सवयी आड येतात. पहिली म्हणजे टाचणी लावली की आपोआप ती बंद करायला हात पुढे जातो. मधेच एखाद्या ठिकाणी असा जादा टाका पडला तर तिथे जाळी दाट दिसते आणि खालच्या दोन ओळी सरकतात. दुसरी सवय खेचण्याची. पॉइंट ग्राउंडमध्ये टाचणी लावल्यावर दोन्ही जोड्या एकदा हलकेच बाजूला आणि खाली ओढायच्या, इतकंच. प्रत्येक टाक्याला जोर लावला तर पीळ टाचणीपाशी गोळा होतात, छिद्रं चौकोनी व्हायला लागतात आणि टाचण्या काढल्यावर सगळी पट्टी आकसते.

म्हणून माझा आग्रह असा की पहिला नमुना सुरू करण्याआधी नुसत्या पॉइंट ग्राउंडची एक पट्टी करावी. दहा-बारा जोड्या, दोन्ही बाजूंना साधा काठ, मधे फक्त जाळी. कंटाळवाणं वाटेल, पण ही पट्टी केली की पुढचं सगळं सोपं जातं. करताना मधूनमधून उशी थोडी फिरवा आणि डोळे टाचण्यांच्या पातळीला आणून तिरप्या ओळीच्या दिशेने बघा. नीट झालेल्या जाळीत छिद्रांच्या ओळी तिन्ही दिशांना सरळ पळताना दिसतात. एखाद्या टाक्यात तीनाऐवजी दोनच ट्विस्ट पडले असतील तर त्या टाक्याखालचा एक पाय सैल दिसतो, त्याचा दोऱ्याचा पीळ उघडा असतो, आणि शेजारचं छिद्र किंचित मोठं आणि कलंडलेलं असतं. हे वरून बघून चटकन कळत नाही, तिरपं बघितलं की लगेच खटकतं. एक ओळ झाली की पुढच्या ओळीआधी ही नजर टाकायची सवय लावून घ्या. चार ओळी मागे जाऊन उसवण्यापेक्षा ते फार बरं.

नीट झालेली जाळी कशी दिसावी हे बघायचं असेल तर साध्या नेटच्या कापडाचा तुकडा भिंगाखाली धरा. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट यांनी १८०९ साली पेटंट घेतलेलं बॉबिननेटचं यंत्र उशीवरच्या याच जाळीची रचना दोऱ्याने दोऱ्याने समजून घेऊन बनवलेलं होतं. त्यामुळे खऱ्या बॉबिननेटमध्ये तुम्हाला तोच षटकोन दिसतो. हातकामाच्या कारागिरांवर त्याचा परिणाम जबर झाला. नुसती जाळी विकून पोट भरणं अवघड झालं. पुढे यंत्राला पटकन जमणार नाहीत अशा वेण्या, पानं आणि जाड वळणांच्या बेडफर्डशायर लेसकडे बक्सच्याच भागातल्या बायका वळल्या.

आता पॅटर्नचा कागद. टॉर्शनचे ठिपके, म्हणजे टाचण्यांच्या जागा, चौकोनी आलेखाच्या कागदावर बसतात, काठाशी ४५ अंशांचा कोन करून तिरप्या ओळी जातात. पॉइंट ग्राउंडमध्ये हा कोन त्याहून मोठा असतो, बहुधा ६०च्या आसपास, कारण त्याशिवाय षटकोन नीट बसत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की टॉर्शनचा पॅटर्न लहान करून त्यावर बक्सची जाळी करता येत नाही. बरेच जण हातात असलेल्या पॅटर्नवर प्रयोग करून बघतात आणि छिद्रं चपटी आली की स्वतःच्या हाताला दोष देतात.

ठिपक्यांमधलं अंतरही कमी असतं. टॉर्शनमध्ये एखादं भोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे गेलं तर खपून जातं, इथे तेवढ्याने षटकोन मोडतो. म्हणून प्रिंट काढताना प्रिंटरने आकार बदललेला नाही ना, हे पट्टीने मोजून घ्या. पॅटर्न सोबत काठाची लांबी दिलेली असेल तर तीच मोजा. भोकं बारीक सुईने, सुई अगदी उभी धरून आणि चांगल्या उजेडात पाडा. टोचलेलं कार्ड उजेडासमोर धरून बघितलं की चुकलेलं भोक ओळीबाहेर उडी मारताना दिसतं. असं कार्ड वापरू नका, दुसरं टोचा.

दोऱ्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नंबरांमुळे. ८०/२ असं लिहिलेला लेसचा सुती दोरा आणि क्रोशासाठी मिळणारा ८० नंबरचा दोरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रोशाचा बराच जाड असतो. लिननच्या दोऱ्याचं मोजमाप आणखी निराळं. नंबरावर विश्वास ठेवण्यापेक्षा दोरा मोजा: पट्टीवर किंवा पेन्सिलीवर एकाला एक खेटून, न ओढता आणि न चढवता, एक सेंटिमीटरभर गुंडाळा आणि वेढे मोजा. पॅटर्नमध्ये सांगितलेल्या दोऱ्याचे वेढे आणि तुमच्याकडच्या दोऱ्याचे वेढे जवळपास सारखे आले तर खुशाल वापरा. फरक मोठा असेल तर पॅटर्नचा आकार त्याच प्रमाणात बदलता येतो. समजा सांगितलेल्या दोऱ्याचे सेंटिमीटरला ३२ वेढे बसतात आणि तुमच्याकडच्याचे २४, तर ३२ भागिले २४, म्हणजे पॅटर्न मूळच्या साधारण १३३ टक्के आकाराचा करायचा. खरं तर पहिल्या नमुन्यासाठी मी हेच सुचवते. मूळ आकार आणि अतिबारीक दोरा यांच्यामागे लागू नका, थोडा मोठा केलेला पॅटर्न आणि डोळ्यांना दिसेल असा दोरा घ्या. मात्र टॉर्शनचा उरलेला जाड लिनन घेऊन सुरुवात करू नका. पॉइंट ग्राउंडला मऊ, गुळगुळीत, दोन पदरी सुती दोरा हवा. ताठ दोऱ्यात तीन पीळ नीट बसत नाहीत.

बॉबिन्स? पहिल्या नमुन्यासाठी आहेत त्याच वापरा. बक्सच्या पारंपरिक बॉबिन्स सडपातळ असतात आणि त्यांच्या टोकाला मण्यांचं कडं असतं. त्या कड्यामुळे बॉबिन लोळत नाही आणि बारीक दोऱ्याला बेताचा ताण मिळतो. छानच असतात त्या, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. फक्त एक बघा: तुमच्या बॉबिन्स जड असतील तर बारीक दोरा सारखा तुटेल, आणि फार हलक्या असतील तर पीळ सुटतील. एकाच नमुन्यात जड-हलक्या बॉबिन्स मिसळू नका, जाळीत ते फरक उतरतात. हे उत्तर सगळ्या शैलींना मात्र लागू नाही. हॉनिटनमध्ये दोऱ्याच्या फासातून अख्खी बॉबिन ओवून घ्यावी लागते. तिथे बॉबिनला मणी नसतात आणि टोक निमुळतं असतं. तिथे योग्य बॉबिन नसेल तर कामच होत नाही.

टाचण्या मात्र बदला. टॉर्शनच्या जाड टाचण्या बारीक जाळीत भोकं पाडून ठेवतात, शिवाय त्या दाटीत बोटं शिरत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, न गंजणाऱ्या टाचण्या घ्या आणि भरपूर घ्या. उशी घट्ट भरलेली असावी. वापरून वापरून पोकळ झालेल्या फोमच्या उशीत बारीक टाचणी कलते आणि तिच्यासोबत तुमचा षटकोनही कलतो.

पहिला नमुना अरुंद काठाचा घ्या, पंधराएक जोड्यांच्या आत बसणारा, कोपरा नसलेला. त्यात चार गोष्टी असल्या पाहिजेत: पॉइंट ग्राउंड, हनीकॉम्ब या भरणीच्या टाक्याने भरलेली एखादी साधी आकृती, तिच्याभोवती गिंपचा जाड दोरा, आणि बाहेरच्या कडेला पिकॉट, म्हणजे दोऱ्याचे छोटे फास. एवढ्यात बक्सचा गाभा येतो. फुलं, वेली, मधेच वाढणाऱ्या-घटणाऱ्या जोड्या हे सगळं पुढे. पुनरावृत्ती दोन-चारवर थांबवू नका. पहिल्या काही वेळा डोकं काम करतं, हात नंतर शिकतात.

काठात आणि या गोष्टींत अडखळायला होतं त्या जागा ठराविक आहेत, त्या सांगते.

काठ. इंग्लंडच्या परंपरेत सरळ काठ उजवीकडे धरतात, युरोपच्या बऱ्याच भागांत डावीकडे. पॅटर्न कुठला आहे ते आधी बघा, नाहीतर सूचना उलट्या वाटतील. जाळीची तिरपी ओळ काठापासून सुरू होऊन आत जाते. बक्सच्या काठाजवळ एक खास टाचणी असते, कॅच पिन. तिथे टाका नेहमीच्या जाळीचाच, पण टाचणी दोन जोड्यांच्या मधे न लावता दोन्हींच्या बाहेर, काठाच्या अंगाला लावायची. काठात जे उभे दोरे चालतात, त्यांच्यामुळे जाळी काठाकडे ओढली जाते. ही टाचणी ती ओढ थोपवते. काठ आकसत असेल तर हे उभे दोरे फार ताणले गेलेत असं समजा. त्यांना मधूनमधून सरळ करायचं, ताणायचं नाही.

गिंप. आकृतीची सीमारेषा म्हणजे हा चमकदार जाड दोरा. पर्ले कॉटन ८ किंवा १२ यासाठी चालतो. जाळीच्या दोऱ्याशी तो शोभला पाहिजे, रस्सी दिसता कामा नये. तो टाका घालत नाही, प्रत्येक जोडीच्या दोन दोऱ्यांमधून फक्त आरपार जातो, आणि आधी व नंतर जोडीला दिलेले ट्विस्ट त्याला जागच्या जागी धरतात. जाळीच्या बाजूला तीन ट्विस्ट, हनीकॉम्बच्या बाजूला दोन. टॉर्शनच्या सवयीने गिंप ओढून घट्ट करू नका. ओढलात की वळण सरळ होतं आणि भोवतीची जाळी सोबत घेऊन जातं. गिंप सैल वळणावर पडू द्या आणि जोड्या हलकेच वर ओढून त्याला बिलगवा. आकृतीच्या तळाशी गिंपची दोन टोकं एकमेकांना ओलांडतात. तिथे कोणतं वर राहणार हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आकृती संपत असेल तर दोन्ही टोकं तीन-चार जोड्यांतून एकत्र नेऊन मागे टाका, नंतर कापा.

हनीकॉम्ब. टाका असा: क्रॉस आणि दोन ट्विस्ट, टाचणी, क्रॉस आणि दोन ट्विस्ट. म्हणजे इथे टाचणी बंद होते! तुमच्या टॉर्शनच्या हाताला हे ओळखीचं वाटेल, आणि धोका तिथेच आहे. हनीकॉम्बमधून जाळीत परत आलात की हात पुन्हा टाचण्या बंद करायला लागतो. गिंप ओलांडताना स्वतःला मोठ्याने सांगा, ‘आता उघडी’. हास्यास्पद वाटलं तरी काम होतं. हनीकॉम्बच्या ओळी आळीपाळीने भरलेली आणि विरळ अशा चालतात. विरळ ओळीत मधल्या टाचण्या नसतात. एक ओळ सलग आणि एक सोडून, हे डोक्यात बसलं की पॅटर्नवरचे ठिपके आपोआप वाचता येतात.

पिकॉट. कडेच्या टाचणीवर जोडीतला एक दोरा वळवायचा, मग दुसराही त्याच टाचणीभोवती फिरवायचा, आणि दोन्ही एकत्र पिळायचे. सगळ्यांचा पिकॉट सुरुवातीला फाटतो, दोन दोरे वेगवेगळे उभे राहतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: वळवण्याआधी जोडीला पुरेसा पीळ दिलेला नसतो. पीळ वाढवा, आणि दोन्ही दोरे टाचणीवर बसल्यावर एकाच वेळी, सावकाश ओढा.

दोरा तुटला तर जाळीत गाठ मारू नका, ती कायम दिसत राहते. नवा दोरा मागच्या टाचणीला अडकवून जुन्याच्या जागी आणा, जुन्याचं टोक मागे ठेवा, आणि शक्य असेल तेव्हा हा बदल काठातल्या उभ्या दोऱ्यांत किंवा कापडासारख्या विणलेल्या भागात करा. तिथे दोन दोरे थोडं अंतर सोबत चालले तरी लपून जातं.

आता एक काम उशीपासून दूर बसून करायचं. पॅटर्नची मोठी प्रत काढा आणि त्यावर प्रत्येक जोडीचा प्रवास पेन्सिलीने काढून बघा. ती कुठून येते, कुठल्या टाचणीला वळते, गिंप कुठे ओलांडते. टॉर्शनमध्ये हे डोळ्यांनी जमतं, कारण चौकडी सगळं सांगते. बक्समध्ये आकृतीच्या शेंड्याला जोड्या शिरताना आणि तळाला बाहेर पडताना कोणती कुठे जाते, हे आधी ठरवलेलं असलं की निम्मी घालमेल टळते. पॅटर्नसोबत रंगीत आकृती असेल तर बेल्जियमची रंगपद्धत शिकून घ्या: जांभळी रेघ म्हणजे क्लॉथ स्टिच (क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस), हिरवी म्हणजे हाफ स्टिच (क्रॉस-ट्विस्ट), लाल म्हणजे क्रॉस-ट्विस्ट दोनदा. एक रेघ म्हणजे एक दोरा नाही, एक जोडी. रेघेवरची आडवी छोटी खूण म्हणजे जादा ट्विस्ट. ही पद्धत पुढे कुठल्याही शैलीत उपयोगी पडते, आणि फ्लँडर्स किंवा बिंशसारख्या लेसमध्ये तर तिच्यावाचून पानही हलत नाही. म्हणूनच, कितीही मोहक दिसल्या तरी टॉर्शनवरून थेट त्यांच्यावर उडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

तुम्हाला बक्सचीच ओढ आहे म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. शिवाय ही निवड दूरदृष्टीची आहे: फ्रान्समधली लील आणि शँटिली, डेन्मार्कमधली टॉन्डर, या सगळ्यांत हीच जाळी आहे, त्यामुळे एक पॉइंट ग्राउंड हाती आलं की अख्खं घराणं उघडतं. पण जर असं लक्षात आलं की डझनावारी जोड्या सांभाळणं आणि एकसारखी जाळी भरत बसणं तुमच्या स्वभावात नाही, तर मिलानीज किंवा स्लोव्हेनियातली इद्रिया लेस बघा. तिथे थोड्या जोड्यांची एक फीत वळत वळत आकृती काढते आणि क्रोशाच्या बारीक सुईने स्वतःलाच जोडली जाते. इद्रियात लेस शिकवणारी शाळा १८७६ पासून आहे, आणि स्लोव्हेनियाची बॉबिन लेस २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ती टॉर्शननंतरची कमी प्रतीची वाट मुळीच नाही. तिथे टाचणीचं कोडं वेगळं असतं: वळणाच्या आतल्या बाजूला टाचण्या कमी आणि बाहेर जास्त, आणि आतली एकच टाचणी पुन्हा पुन्हा वापरायची.

बक्सवर ठाम असाल तर पहिल्या काठानंतरचा दुसरा नमुना असा निवडा की गिंपच्या आतला भाग हनीकॉम्बऐवजी क्लॉथ स्टिचने भरलेला असेल. तिथे जाळीतल्या जोड्या आकृतीत शिरून उभे दोरे होतात आणि एक जोडी आडवी विणत जाते, त्यामुळे जोड्यांचा प्रवास नव्याने समजून घ्यावा लागतो. दोरा, टाचण्या आणि जाळीचा आकार पहिल्या नमुन्याचाच ठेवा, म्हणजे अडलं तर कशामुळे अडलं हे लगेच कळेल. तिसऱ्या नमुन्याला जुन्या धाटणीचा पॅटर्न घ्या, ज्यात फक्त ठिपके आणि गिंपची रेघ असते, आकृती नाही की सूचना नाहीत. सुरू करण्याआधी त्याच्या प्रतीवर जाळीचे ठिपके, हनीकॉम्बचे ठिपके आणि कॅच पिन वेगवेगळ्या रंगांनी खुणा करून घ्या. एखादा ठिपका कशातच बसत नसेल तर तो बहुधा गिंपच्या दोन वळणांमधल्या खाचेतला असतो. तिथे गिंप बाहेरून वळतो, आणि आत येणारी जोडी त्या एकाच टाचणीला वळसा घालून परत फिरते.